झटका, आकडी, फेफरं की फिट? प्रशिक्षणाच्या पत्रकात काय लिहावं?

आडवाट:
कामावर सहकाऱ्याला अपस्माराचा (एपिलेप्सीचा) त्रास झाला तर काय करायचं, या प्रशिक्षणाचं पत्रक मराठीत करतेय. आजार 'अपस्मार', हे ठरलं. पण प्रत्यक्ष जे येतं त्याला काय म्हणायचं? मी 'झटका' लिहिलं. पुस्तिकेत आधीचं पान विजेच्या अपघाताचं आहे. मसुदा वाचून सुपरवायझर विचारतात, "झटका आला की आधी मेन स्विच बंद करायचा ना?"

बखर:
विजेचा झटका 'बसतो', अपस्माराचा 'येतो'. क्रियापद सांभाळलं की पुरे. तरी मी 'आकडी'च लिहीन. आखडणेवरून आकडी, असं मला वाटतं. अस्सल मराठी शब्द आहे.

पैलतीर:
व्युत्पत्ती राहू द्या, पण आकडी म्हटलं की हातपाय ताठ झालेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. काही झटक्यांत माणूस नुसता एकटक बघतो, ओठ चाटतो, शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतो. हाक मारली तर ओ देत नाही. माझ्या जुन्या ऑफिसात अशा एका सहकाऱ्याच्या नावापुढे 'कामात लक्ष नसते' असा शेरा पडला होता. कोणाला कळलंच नाही. त्याला आकडी कशी म्हणणार?

शाईदौत:
'फिट आली' लिहा. अख्खा महाराष्ट्र तेच बोलतो.

कानामात्रा:
बोलतो, पण लिहिताना घोळ होतो. आजारपणानंतर डॉक्टर 'फिट' देतात ते कामावर रुजू होण्यासाठी. एकाच कागदावर 'फिट आल्यास कळवा' आणि 'फिट असल्यास रुजू व्हा' बरं दिसेल का?

शाईदौत:
'येते' आणि 'असतो' यातला फरक मराठी माणसाला कळतो. कळणार नाही ते 'अपस्मार'. ऐन वेळी ओरडायला सोपा शब्द हवा.

बखर:
अपस्मार चरकसंहितेतला शब्द आहे. स्मृती हरपणे, इतका सरळ अर्थ. नटराजाच्या पायाखालचा बुटका तोच, अपस्मारपुरुष. असा शब्द फिटसाठी सोडायचा?

रानपाखरू:
मला अपस्मार आहे. माझ्या बहुतेक झटक्यांत फक्त डावा हात उडत राहतो. मी पूर्ण शुद्धीवर असते, समोरचा काय बोलतोय ते ऐकू येतं. स्मृती कुठेच हरपत नाही. आजाराचं नाव म्हणून 'अपस्मार' मला चालतं, पण बखरदादा, तो पायाखालचा बुटका पत्रकात नको. आणि 'फेफरं' तर मुळीच नको. 'बिल बघून फेफरं आलं' हे डब्याच्या टेबलावर मी कितीदा तरी ऐकलंय.
आडवाटताई, शब्द कुठलाही घ्या, पण 'धरून ठेवू नका' आणि 'तोंडात काहीही घालू नका' मोठ्या अक्षरात छापा. एकदा मोठा झटका आला तेव्हा दातांत चमचा घातला होता. पुढचा दात तेव्हाच तुटला.

आडवाट:
दोन्ही पहिल्याच ओळीत घेते. 'रिकव्हरी पोझिशन'ला काय म्हणू?

पैलतीर:
'कुशीवर वळवा'. वेगळं नाव कशाला? घड्याळ बघायलाही सांगा. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा झटका आला, तर ॲम्ब्युलन्स. पहिल्यांदाच आला असेल तरीही.

कानामात्रा:
'झटका' एकटा न लिहिता दर वेळी 'अपस्माराचा झटका' लिहा.

शाईदौत:
पण झटका येणाऱ्या प्रत्येकाला अपस्मार नसतो. साखर फार उतरली तरी येतो. मग ते चूकच ठरेल ना?

बखर:
म्हणूनच आकडी! लहान मुलांना तापात येते तीही आकडीच. बाकी 'फेफरं' हा शब्द 'फेस'वरून आलाय, तोंडाला फेस येतो म्हणून.

कानामात्रा:
अजिबात पटत नाही. 'फेस'चा 'फेफ' कुठल्या नियमाने होतो? मला तो धापेच्या आवाजावरून आलेला वाटतो. आमची आजी तर 'घुरं' म्हणायची, तेही घुरघुरण्यावरूनच असणार.

बखर:
घुरं वेगळं, फेफरं वेगळं. जुने दाखले शोधून टाकतो.