शब्दचर्चा: ‘सहयोगात्मक समस्या निराकरण’ पालकांना कसं सांगायचं?

खडूफळा: प्रशिक्षणातून आलेल्या पुस्तिकेत ‘सहयोगात्मक समस्या निराकरण कौशल्य’ असा शब्द आहे. सातवीला गणित शिकवते. पालकसभेत हे समजावून सांगायचंय आणि हा शब्द उच्चारला की निम्मे पालक मोबाइल काढतील. नुसतं ‘सहकार्य’ म्हणू का? वर्णनात्मक नोंदीतही, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या शेऱ्यातही, तेच लिहावं लागेल.

जुनाबाक: ‘सहकार्य’ नको. आपल्याकडे सहकार्य म्हणजे गैरसोय निमूट सोसणं. ‘नागरिकांनी सहकार्य करावे’ ही पाटी रस्ता खणलेला असतो तिथेच लागते. ‘सहयोग’ म्हटलं की देणगीचं पावतीपुस्तक दिसतं आणि ‘सहकार’ तर साखर कारखाने, पतपेढ्या घेऊन बसल्यात.

पाटीपेन्सिल: ‘सावड’ कसा वाटतो? भातलावणीला आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या.

जुनाबाक: शब्द गोड आहे, पण सावडीत काय करायचं ते प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. आवण (भाताची रोपं) कसं लावायचं यावर बांधावर खल होत नाही. इथे सुरुवातीला उत्तर कुणाकडेच नसतं.

रुजवात: मुद्दा तिथेच आहे. मराठीत ‘वाटून करणे’ आणि ‘मिळून करणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. प्रकल्पाला चौघांनी चार पानं लिहून स्टेपल मारणं हे वाटून. ते वाईट नाही, पण हे कौशल्य ते नव्हे.

ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत २०१५ साली १५ वर्षांच्या मुलांसाठी हा विषय होता. जाहीर झालेल्या एका नमुन्यात मुलाला संगणकातल्या दोन सवंगड्यांबरोबर एका देशाबद्दलच्या स्पर्धेत उतरायचं असतं. देश काल्पनिक, त्यामुळे पाठांतराचा उपयोग शून्य. कुणी कोणता विषय घ्यायचा यावर सवंगड्यांचं बिनसतं, आणि तेव्हा त्यांना काय म्हणायचं ते मुलाने दिलेल्या पर्यायांतून निवडायचं. गुण या निवडीला. सिंगापूर पहिलं आलं, आणि भाग घेतलेल्या प्रत्येक देशात मुली मुलांच्या पुढे होत्या. सवंगडी मात्र यंत्र. ते रुसत नाही, मधेच उठून डबा खात नाही. सगळ्यांची परीक्षा सारखी व्हावी म्हणून तसं केलं हे कळतं, तरी मला ते अर्धंच वाटतं.

मेलबर्न विद्यापीठात पॅट्रिक ग्रिफिन यांच्या प्रकल्पात खरी मुलं जोडीने बसवली, वेगवेगळ्या संगणकांवर. एक कोडं ऑलिव्ह तेलाचं: एकाकडे ३ लिटरचं भांडं आणि तेलाचा साठा, दुसऱ्याकडे ५ लिटरचं भांडं. हवंय नेमकं ४ लिटर. दुसऱ्याकडे काय आहे ते दिसत नाही, लिहून विचारायचं. हे वाटून होऊच शकत नाही. ३ भरून ५ च्या भांड्यात ओता, पुन्हा ३ भरून ते काठोकाठ करा, इकडे १ उरतो. मोठं रिकामं करा, हा १ त्यात ओता, वर ३ घाला, झाले ४. ‘मोठं रिकामं कर’ हे पटवून देणं सर्वांत अवघड, कारण भरलेलं भांडं ओतून टाकायला कुणाचा हात धजत नाही.

पाटीपेन्सिल: पण ‘मिळून सोडवणे’ म्हटलं की आमच्या दहावीच्या केंद्रावर भरारी पथक येईल!

जुनाबाक: खरंय 😀 कॉपीला दुसरा सभ्य शब्द नाही.

खडूफळा: मग नोंद काय लिहू? आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) ‘इतर’ खाली गटकार्य आहेच. आम्ही सगळे ‘गटात सहकार्य करतो’ लिहून मोकळे होतो.

रुजवात: ते वाक्य गप्प बसणाऱ्यालाही लागू पडतं. डोळ्यांनी दिसेल ते लिहा: ‘अडल्यावर जोडीदाराकडे काय आहे ते विचारते’, ‘आपली रीत चुकतेय हे कळल्यावर बदलतो’, ‘दुसरीने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत सांगते’. सगळा वर्ग एका तासात टिपता येणार नाही, दोन-तीन जोड्यांवर लक्ष ठेवा, बाकीच्या पुढच्या वेळी.

पाटीपेन्सिल: आणि गुण गटाला एकत्र दिले तर? एकटी हुशार मुलगी राबते, बाकीचे मुखपृष्ठावर नावं घालतात.

रुजवात: उत्तराचे गुण जोडीला, नोंद मात्र ज्याची त्याची.

खडूफळा: ठरलं. कागदावर छापील शब्द राहील, सभेत ‘मिळून सोडवणे’ म्हणेन आणि पालकांनाच जोड्या करून हे कोडं घालेन. शाळेत ३ आणि ५ लिटरची मापं नाहीत, ३०० आणि ५०० मिलीच्या बाटल्या चालतील?

रुजवात: चालतील, ४०० मिली मागा. भरायच्या खुणेला पट्टी चिकटवा आणि जोडीच्या मधे दप्तरं उभी करा, नाहीतर बाटली बघून सगळे न बोलताच सोडवतील.