मार्क चार्टले द्यायचे का चार्टमांगच्या मेहनतीले?

वणीकर_पोट्टा:
माह्या लहान भावानं डेटा ॲनालिसिसचा कोर्स लावला, पायथन, पँडास वगैरे. शेवटी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन, ५० मार्क. त्यातले २५ बोलण्याले अन् स्लाइडले, १५ कोडले, १० प्रश्नोत्तराले. यानं ॲगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवरून बाजार समित्यांचे कापसाचे भाव घेतले. कुठी ७१०० च्या जागी ७१०, कुठी एकाच बाजाराचं नाव दोन स्पेलिंगनं, कुठी आवकच कोरी. पोट्ट्यानं राती जागून सारं साफ केलं, वरून भावाची सरासरी आवकेच्या हिशोबानं काढली, कारण ज्या दिवशी २० क्विंटल आले अन् ज्या दिवशी २००० आले ते दोन्ही दिवस सारखे कसे धरता? बोलताना अडखळला तं ५० पैकी २६. दुसऱ्यानं तयार साफ डेटा उचलला, रंगीत डॅशबोर्ड, फाडफाड इंग्रजी, ४४! बोलण्याले ५ च्या वर मार्क देऊच नये.

मॅडम_फक्त_वर्गात:
मी असाच कोर्स शिकवते (तुमच्या भावाचा नाही, आधीच सांगते). राग समजला, पण ५ मार्क काही पटत नाही. त्यानं साफसफाई केली हे त्यानं सांगितल्याशिवाय मला कळणार कसं? वर्गभर मुलांची नोटबुकं (म्हणजे कोडच्या फायली) ओळ न् ओळ वाचायची म्हटली तर रिझल्ट पुढच्या दिवाळीला लागेल. आणि दाखवणं म्हणजे नुसती सजावट नाही हो. ॲन्स्कोंब नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट मांडले, सरासरी, विचरण (आकडे किती पसरलेत ते), सहसंबंध चारहींचे जवळपास सारखे, आणि ग्राफ काढले की चार तऱ्हा. एकात सरळ रेघ, एकात वाकडी, दोघांत एकच आगाऊ बिंदू सगळा घोळ घालतो. ग्राफ नीट काढता येत नसेल तर ॲनालिसिस झालंच नाही.

बोंडअळी_२०१७:
मॅडम, ग्राफ काढनं अन् टाय लावून बोलनं एकच हाय का? ग्राफचे मार्क ॲनालिसिसमंदी टाका न. मी असंच एक प्रेझेंटेशन पाह्यलं, पोट्ट्यानं बार चार्ट ६८०० पासून सुरू केला. मंग ७००० चा बार इत्तासा अन् ७२०० चा डबल उंच. दोनशे रुपयाचा फरक, पाहनाऱ्याले वाटे भाव दुप्पट झाला. टाळ्या वाजल्या बाप्पा! परीक्षकानं अक्षाकडे पाह्यलंच नाई, त्याचे मार्क कोन कापनार?

पुण्यात_आयटीवाला:
तुमी सगळे भावनेत चालले राव. मी रोज हेच काम करतो, आमचा क्लायंट नोटबुक उघडतच नाही, त्याला दहा मिनिटांत सांगायचं असतं की काय झालं आणि काय करायचं. सांगता आलं नाही तर केलेलं काम गेलं पाण्यात. अन् खरं सांगू का, आजकाल कोड एआय लिहून देतो, मग कोडला तरी १५ मार्क कशाचे?

हिंगणघाटची_ताई:
आयटीवाल्या भाऊ, कोड एआय लिहून देते तशा स्लाइड बी देते की. म्हणून माझ्या मते मार्क प्रश्नोत्तराला हवेत, १० नाही, २५. आमच्या सेंटरला एका मुलीनं दाखवलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाला भाव कमी मिळते, कारण दिलं आवक वाढली. इंग्रजी एकदम झकास. मी विचारलं, ओलावा पाहिला का? सीसीआय, म्हणजे कापूस घेणारी सरकारी कंपनी, ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापते, १२ च्या वर घेतच नाही, अन् पहिल्या वेचणीचा कापूस ओला राहते. पोरगी गप्प. मागं बसलेला एक मुलगा वऱ्हाडीत सारं समजावून सांगत होता, त्याला मात्र इंग्रजी येत नाही म्हणून आधीच कमी मार्क पडले होते. मराठीत बोलू दिलं तर डेटा बिघडते का?

पुण्यात_आयटीवाला:
बिघडत नाही ताई, पण नोकरीचा इंटरव्ह्यू मराठीत होत नाही. सवय कधी लावणार?

हिंगणघाटची_ताई:
सवयीसाठी इंग्रजीचा वेगळा क्लास लावा न. इथं परीक्षा कशाची चालू आहे?

वणीकर_पोट्टा:
ताई, प्रश्नोत्तराचं पटलं, पण प्रश्न विचारणाऱ्यालेही काही यावं लागते न. माह्या भावाले विचारलं, फॉन्ट एवढा लहान काहून ठेवला. बस, झालं प्रश्नोत्तर! ७१० चे ७१०० कशावरून केले, चूक होती का खरंच भाव पडला होता, हे कोणीच विचारलं नाही. त्यानं आजूबाजूच्या बाजारांचे त्याच दिवशीचे भाव काढून ठेवले होते ताडून पाहाले, फाइलमंदीच राह्यले.

मॅडम_फक्त_वर्गात:
हे मात्र चुकलंच त्यांचं. पण भाऊ, ती ताडणी स्लाइडवर का नव्हती? पुढच्या बॅचपासून मी एक स्लाइड सक्तीची करते, डेटा आधी कसा होता, काय बदललं, कोणत्या आधारावर. त्याला १० मार्क, बोलण्याच्या २५ मधूनच काढून. मराठीत सांगा, हिंदीत सांगा.

बोंडअळी_२०१७:
म्हंजे बोलन्याले अजून १५ उरलेच.

मॅडम_फक्त_वर्गात:
हो, आणि ते राहणार.

वणीकर_पोट्टा:
१५ बी लय होतात मॅडम.