चळवळीचा पैसा जिल्ह्यातूनच उभा राहावा का?

कोरडवाहू (धागाकर्ता)
ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले वगैरे कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवला आणि सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. मागे डॉ. दाभोलकर, बाबा आढाव. मुद्दल ठेवीत, व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. रक्कम बेताचीच, पण 'लाभार्थी किती' असा तक्ता कोणी मागत नव्हतं.
असा निधी जिल्ह्याजिल्ह्यात हवा. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणारी मोठी संस्था ती पुढे छोट्या संस्थेला देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, तो सीएसआर शाळेच्या बाकांना मिळतो. वाळीत टाकलेल्या कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात दिवसभर बसणाऱ्याचं एसटीचं तिकीट कोण काढणार?

जमाखर्च
लागू-फुले यांच्या नावावर तिकिटं खपली. जिल्ह्यात कोणाच्या तोंडाकडे बघून पैसे देणार? आणि देणारे कोण? कारखान्याचे संचालक, आडते, बिल्डर. ते वाचनालय बांधतील, वर पाटी लावतील. ऊसतोड मजुराच्या उचलीचा हिशेब मागणाऱ्याला रुपया देणार नाहीत. दिलाच, तर तो हिशेब मागणं सोडेल. त्यापेक्षा सीएसआर बरा. तो कशावर खर्चायचा याची यादी कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे, त्यात विषमता कमी करणं लिहिलेलं आहे.

कोरडवाहू
लिहिलेलं आहे हो! अर्ज करून बघा एकदा.
देणगीदाराला समितीत जागा नाही, आणि एकाकडून ठरावीक रकमेवर घ्यायचं नाही. एवढे दोन नियम पुरेत.

हातगाडी
दोघांशीही असहमत. पुण्याची हमाल पंचायत हमालांच्याच वर्गणीवर उभी राहिली. मानधनावरचा कार्यकर्ता शेवटी मानधन देणाऱ्याचं ऐकतो.

बिनपावतीची
हमालांना एक बाजार होता, रोजची मजुरी होती. वाळीत पडलेल्या घराने वर्गणी कुठून आणायची? सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण तक्रार द्यायला सोबत माणूस लागतो, आणि त्यालाही घर चालवायचं असतं.
माझी अडचण वेगळीच. अशा निधीला मी हजार रुपये आनंदाने देईन, पण नाव नको. देणगीवरच्या करसवलतीसाठी पॅन द्यावा लागतो, ते ठीक. वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी छापायची संस्थांना भारी हौस! आमच्या आळीत तो अहवाल जातपंचांच्या हाती पडला की पुढची पाळी माझी.

क्लीव्हलंडकर
इथे अमेरिकेत, क्लीव्हलंडला, १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिलं कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे शहराचा सामाईक निधी, काढलं. मेलेल्या धनिकाच्या मृत्युपत्रात पैसा अडकून पडू नये, गरज बदलली की समितीने वापर बदलावा, हा हेतू. शंभर वर्षांहून जास्त टिकलंय. आपल्याकडे निघालं तर इथली मराठी मंडळीही देतील.

जमाखर्च
@क्लीव्हलंडकर, नागरिकत्व घेतलंत का? घेतलं असेल तर तुमचे डॉलर कायद्याने परदेशी देणगी, मराठी असलात तरी. भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही.
आणि बँकरने काढलेला निधी बँकेवरच्या मोर्चाला कधी पैसे देतो का, तेवढं विचारून सांगा.

कोरडवाहू
ताई, यादी छापायची नाही, हा पहिल्याच ठरावात घालू. जमाखर्च, हिशेब तपासायला तुम्ही या. समितीत नको, फक्त तपासायला!

हातगाडी
पण ती समिती बदलायची झाली तर मत कोणाचं? ज्यांच्यासाठी निधी आहे त्यांचं असेल, तर माझीही वर्गणी धरा.