'लिंग', 'लिंगभाव' की 'बाई का बाप्या'?

परभणीकर
आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करायचं काम अंगावर पडलंय. मूळ इंग्रजीत 'सेक्स' आणि 'जेंडर' असे दोन रकाने आहेत. मी दोन्हीकडे 'लिंग' लिहून मोकळी झाले होते. छपाईला द्यायच्या आधी एक आशाताई म्हणाली, "मॅडम, एकच सवाल दोनदा कशाला?" 'जेंडर'साठी 'लिंगभाव' हा शब्द माहीत आहे, पण जिंतूरकडच्या एखाद्या आजीला 'तुमचा लिंगभाव काय' असं विचारायचं?

जुना मास्तर, अंबाजोगाई
ताई, 'लिंग'चा संस्कृतातला अर्थ खूण. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावरचा धूर हे आगीचं लिंग, म्हणजे दिसतं त्यावरून न दिसणारं ताडायचं. औंढ्याला, परळीला, वेरूळला आपण ज्याच्यापुढे डोकं टेकतो तेही लिंग, आणि 'लिंग बदला' म्हणून वर्गात आम्ही पोरांना छळतो तेही लिंगच. एका शब्दाच्या डोक्यावर इतकी ओझी दिल्यावर तो रकान्यात गोंधळणारच.

शरीराच्या खुणाही वाटतात तितक्या सरळ नसतात. ४६ गुणसूत्रांपैकी दोन लिंग ठरवतात, एक्सएक्स मुलगी, एक्सवाय मुलगा, एवढं आम्ही दहावीला सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. पण गर्भ सहाएक आठवड्यांचा होईपर्यंत दोघांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. मग वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय नावाचा जनुक (तो १९९० साली सापडला) कामाला लागला की वृषणं घडायला लागतात. आता वृषणं घडली, संप्रेरक तयार झालं, पण शरीरानं त्याला दादच दिली नाही तर? मूल एक्सवाय असूनही बाहेरून मुलगी दिसतं, मुलगी म्हणून वाढतं, आणि सोळा-सतराव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून तपासणी केल्यावर उलगडा होतो. अशा शरीरांसाठी 'आंतरलिंगी' हा शब्द आहे. तिथे 'तृतीयपंथी' लिहू नका, ही चूक सरसकट होते. तृतीयपंथीत 'पंथ' आहे, माणसानं धरलेली वाट. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती वाट स्वतः सांगायचा हक्क मान्य केला, डॉक्टरनं तपासून ठरवायची गोष्ट ती नव्हे.

औशाचा शेतकरी
मास्तर, आमच्या गोठ्यात या म्हणजे कळंल. जन्मलं की 'ते' वासरू. थोडं मोठं झालं की 'तो' गोऱ्हा नाहीतर 'ती' कालवड. गोऱ्हा खच्ची केला की तो बैल. नरपण काढून घेतलं, पण 'तो' काही सुटला नाही. वर पोळ्याला त्याच्या डोक्याला बाशिंग बांधून मंगलाष्टकं म्हणतो आम्ही! आता सांगा, नवरदेव कोणत्या रकान्यात टाकायचा?

जुना मास्तर, अंबाजोगाई
हा हा, दुसऱ्या रकान्यात, दादा. हाच तर फरक आहे, पहिला रकाना शरीराचा, दुसरा माणसं काय मानतात त्याचा. आणि पोतराज आठवा. लांब केस, कपाळाला मळवट, कमरेला खणांचा घागरा, हातात कोरडा, म्हणजे आसूड. घरी बायको-लेकरं. त्याला 'ती' कुणीच म्हणत नाही.

दवाखान्यातली ताई, बीड
गोठ्यातली गंमत ठीक आहे, पण आमच्या जिल्ह्यात ह्या दोन शब्दांमधल्या फटीत मुली गेल्यात. 'गर्भलिंगनिदान' हा शब्द बघा. त्यातलं लिंग निव्वळ शरीराचं, सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारं. ते दिसल्यावर घरच्यांच्या डोळ्यापुढे जे येतं, हुंडा, वंशाचा दिवा, 'परक्याचं धन', त्यातलं काहीच पडद्यावर नसतं. अशा निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. म्हणून मी तरी दोन शब्द वेगळे ठेवण्याच्या बाजूची आहे. प्रशिक्षणात बोलताना मी 'बाईपण' आणि 'गडीपण' म्हणते, 'लिंगभाव' म्हटलं की बायका पदर तोंडाला लावतात.

नांदेडवाला
एक शंका. 'लेकरू रडायलंय', 'बाईमाणूस आलंय' हे नपुसकलिंगी. म्हणजे काय समजायचं?

जुना मास्तर, अंबाजोगाई
काही समजायचं नाही. शब्द 'नपुंसक' असा आहे, अनुस्वार खाऊ नका. आणि ते व्याकरण आहे, लेकराची तपासणी नव्हे. मराठीत 'ती' भिंत आणि 'तो' दरवाजा, तिथे आपण कधी काही शोधत नाही.

ताई, माझं मत विचाराल तर दोन्ही रकान्यांत नाम टाकूच नका, पूर्ण प्रश्न लिहा. पहिला, 'जन्माच्या वेळी काय नोंदवलं होतं?' दुसरा, 'तुम्ही स्वतःला काय मानता?' शीर्षकात हवं तर 'लिंग' आणि 'लिंगभाव' राहू द्या, ते वरच्या साहेबांसाठी.

परभणीकर
सगळ्यांचे आभार. दोन्ही प्रश्न मास्तरांनी सांगितले तसेच घेतलेत. काल आशाताईसोबत एका वाडीवर करून बघितलं. पहिल्या घरी आजी दाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आशाताईनं कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "आजी, काय लिहू, बाई का बाप्या?"

आजींनी मान वर केली. "दिसंना का गं तुला?"

मास्तर, तुमची ती खूण.