स्वसंरक्षणासाठी काय शिकलात? अनुभव सांगा

ऑफिस सुटायला रात्रीचे दहा होतात आणि स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता सामसूम. पस्तिशी ओलांडली आहे, व्यायामाची सवय शून्य. जवळपास कराटे, तायक्वांदो, ज्युडो आणि क्राव मगा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत) असे क्लास आहेत. जे प्रत्यक्ष शिकले आहेत त्यांनी स्वतःचं सांगा. व्हिडिओ बघून झालेत.

*काळा पट्टा:* शाळेपासून शोतोकान शैलीचं कराटे, ब्लॅक बेल्टपर्यंत. शिस्त आली, पाय मोकळे झाले, पोटातून ओरडायची भीड गेली. ही शेवटची गोष्ट मुलींसाठी फार मोलाची. पण आमच्याकडे कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढताना, ठोसा अंगाला लागायच्या आत थांबवायचा. पुढे हौस म्हणून बॉक्सिंगला गेले तर पहिल्याच आठवड्यात नाकावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बसला आणि डोळ्यांतून पाणी. तोवर मला कोणी मारलंच नव्हतं! कराटेला नावं ठेवत नाहीये. कराटेच्याच क्योकुशिन शैलीवाले पूर्ण ताकदीने मारतात, पण त्यांच्याकडे हाताने तोंडावर ठोसा चालत नाही. म्हणून क्लासला विचारा: स्पारिंग (सरावाची लढत) कधीपासून, आणि कितपत लागतं?

*लाल माती:* कोल्हापूरचा, त्यामुळे कुस्ती. तालमीत समोरचा रोज तुम्हाला खरोखर पाडायला बघतो. कराटेसारखा काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली) नाही, हवेत ठोसे नाहीत. बाहेर एकदाच उपयोगी पडली. एसटी स्टँडवर एकाने गचांडी धरली, मी एकेरी पट काढला (एक पाय धरून ओढला), तो खाली आणि मी गाडीत. पण माती वेगळी, फरशी वेगळी. फरशीवर डोकं आपटलं तर माणूस जायचा. मुलींची सोय सगळ्या जुन्या तालमींत नसते, ताईंनी आधी चौकशी करावी.

*वकिलीण:* वरच्या मुद्द्याला जोडून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी बचावाचा अधिकार आता कलम ३४ ते ४४ मध्ये, पूर्वी भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) ९६ ते १०६ मध्ये होता. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. खाली पडलेल्याला लाथा घालाल तर आरोपी तुम्ही.

*चाळिशीतली ज्युडोका:* नाशिकला चाळिशीनंतर सुरू केलं, वर्गात बाकी सगळी पोरंटोरं. सुरुवातीला सरांनी कुणाला फेकायला शिकवलंच नाही, फक्त पडायला. मागे, बाजूला, पुढे कोलांटी. हनुवटी छातीला आणि हाताने मॅटवर सपकन थाप. याला उकेमी म्हणतात. वैताग यायचा. इतकी फी भरून नुसती लोळतेय, असं घरी बोलणं व्हायचं. मग पावसात स्कूटर घसरली. मी पडले तेव्हा मान आपोआप आत गेली, डोकं रस्त्याला लागलं नाही, कोपर तेवढं सोललं. गुंड अजून भेटलेला नाही, पण रस्ता भेटला! जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युडो सुरू केला तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक डाव जोरदार सरावातून वगळले, म्हणून पूर्ण जोर लावूनही रोज सराव जमतो. आता माझ्याहून वजनदार माणसाने मनगट धरलं तर मी थिजत नाही, कारण आठवड्यातून तीनदा कोणी ना कोणी धरतंच. ठोसे मात्र यात नाहीत, हे ध्यानात ठेवा.

*गुडघेदुखी:* तायक्वांदो. सुंदर खेळ, २००० पासून ऑलिंपिकमध्ये. स्पर्धेत डोक्याला ठोसा चालत नाही, त्यामुळे हात खालीच राहायची खोड लागते. पस्तिशीत उंच लाथा मारायच्या तर आधी गुडघ्यांना विचारा.

*शनिवार-रविवार:* कंपनीने दोन दिवसांची क्राव मगा कार्यशाळा ठेवली होती. माझ्यावर 'हल्ला' करणारा सहकारी हसत होता, त्यानेच स्वतःहून हात सैल सोडला. प्रमाणपत्र मिळालं. मूळ पद्धत इमी लिख्टेनफेल्ड यांनी इस्रायली सैन्यासाठी घडवलेली, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन दिवसांत कुठलीच विद्या अंगात मुरत नाही. एक मात्र उपयोगाचं शिकले: अंतर ठेवा, मोठ्याने ओरडा, वाट मिळताच पळा.

*रात्रपाळी:* बरीच वर्षं किकबॉक्सिंग केलं आहे. दोघांनी चाकू दाखवून मोबाईल मागितला. दिला. मग दुसऱ्याच्या फोनवरून ११२ लावला. आमचे कोच म्हणाले, बरोबर केलंस.

*जर्सीकर:* इथे ब्राझिलियन जुजुत्सू (जमिनीवरची झटापट) जोरात आहे. अंगावर बसलेल्या जड माणसाखालून निसटायचं तर याला तोड नाही. पण रस्त्यावर त्याचा मित्रही उभा असतो, तेव्हा जमिनीवर रमू नका.

*धागाकर्ती:* सर्वांचे आभार. शनिवारी ज्युडोच्या चाचणी वर्गाला जातेय, पटलं नाही तर बॉक्सिंग. एक शंका: मला मोठ्या नंबरचा चष्मा आहे, त्याचं काय करता?

*चाळिशीतली ज्युडोका:* काढून ठेवायचा. मला समोरचीचं तोंड दिसत नाही, कॉलर दिसते. तेवढं पुरतं.