सिरॅमिक म्हणजे चिनी माती का?

‘सिरॅमिक’ला मराठीत ‘चिनी माती’ म्हणावं का, हा प्रश्न वारंवार येतो. माझ्या मते कपबशीपुरतं म्हणावं, त्यापुढे नाही.

चिनी माती म्हणजे केओलीन, ही पांढरी शुभ्र माती. चीनमधल्या चिंगदेचनजवळच्या गाओलिंगवरून तिला केओलीन हे नाव पडलं. मराठीने मातीचं नाव भांड्यांनाही दिलं, तेही योग्यच. पण स्पार्क प्लगचा पांढरा भाग अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, असतो आणि दातावर बसवायची पांढरी टोपी बरेचदा झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडची. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबताच ठिणगी पाडणारा खडासुद्धा सिरॅमिकचाच. या कशातही माती नावाला नाही.

मग या सगळ्यांत समान काय? भाजणं. ‘सिरॅमिक’ शब्द ज्यावरून आला तो ग्रीक ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती, तिचं मडकं आणि कौलसुद्धा. आज अर्थ बराच पसरलाय : धातू नाही, सेंद्रियही नाही, आणि तीव्र उष्णतेने घट्ट झालेला घन पदार्थ. अ‍ॅल्युमिना वितळायला २००० अंश सेल्सियसच्याही वर जावं लागतं, म्हणून त्याची भुकटी साच्यात दाबतात आणि न वितळवता कण एकमेकांना जुळेपर्यंत तापवतात. तंत्रज्ञ याला सिंटरिंग म्हणतात. मला तरी ते भाजणंच वाटतं.

नुसतं वाळलेलं मडकं पाण्यात ठेवलं तर त्याचा चिखल होतो. आव्यातून निघालेलं मडकं तेच पाणी धरून ठेवतं. साधारण ५०० ते ६०० अंशांना मातीत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी निघून जातं, आणि नंतर कितीही भिजवली तरी ती पुन्हा मळता येत नाही. आणखी तापवलं की काही भाग काचेसारखा होऊन फटी बुजवतो. साध्या खापराची फुटलेली कड जिभेला लावून पाहा, चिकटते. बारीक छिद्रं ओल ओढून घेतात. चिनी मातीच्या कपाची कड चिकटत नाही. ‘कच्चं मडकं’ हा वाक्प्रचार करणाऱ्यांना हा फरक नेमका ठाऊक होता.

‘मृत्तिका’ हा शब्द कलेला आणि जुन्या उद्योगाला शोभतो, पण अर्थ पुन्हा मातीच. म्हणून व्यापक अर्थाने सरळ ‘सिरॅमिक’ लिहावं : सिरॅमिकची लादी, सिरॅमिकचा लेप.

एक घोटाळा मात्र आपण टाळायला हवा. ‘सिरॅमिक कठीण असतं’ आणि ‘ठिसूळ असतं’ ही वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. कठीण म्हणजे ज्यावर ओरखडा उठत नाही ते. ठिसूळच्या विरुद्ध शब्द ‘चिवट’. धातूतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातू वाकतो. सिरॅमिकमध्ये ते सहज सरकत नाहीत, त्यामुळे दाब पेलतो, पण ताण आला की बारीकशी चीरही आरपार धावते. झिर्कोनियात यावर सुरेख तोड निघाली. चिरेच्या टोकाशी त्याचे स्फटिक रूप बदलून फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी आवळतात. असं झिर्कोनिया कठीण तर आहेच, शिवाय चिवटही आहे. तिथे ‘मजबूत’ म्हणून भागवू नये.