कार्ब्युरेटरची मारुती ८००: इंजिन उघडावे की अल्टोचे इंजिन बसवावे?

कृष्णाकाठ:
आमच्याकडे १९९७ सालची कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या भागाची) मारुती ८०० आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर तिच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढून पुन्हा ठेवला की तसाच लोट निघतो. सपाट रस्त्यावर मात्र धूर दिसत नाही. ऑइल वरचेवर घालावे लागते, आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. आमच्या गॅरेजवाल्यांच्या मते इंजिन बसले, म्हणजे झिजून निकामी झाले आहे. रिंग-पिस्टनच्या कामात पैसे घालण्यापेक्षा भंगारातून आणलेले अल्टोचे एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन ५ गिअरच्या गिअरबॉक्ससह बसवावे, असा त्यांचा आग्रह आहे. हेडलाइटही फार मंद आहेत. गाडी मोडीत काढायची नाही, तेव्हा जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लेथसमोर:
आपण केलेल्या वर्णनावरून इंजिन बसले आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रिंग झिजल्या असतील तर चढावर किंवा ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढताना धूर सतत येतो. आपल्याकडे तो रात्रभर गाडी उभी राहिल्यावर आणि घाट उतरताना येतो, आणि ही दोन्ही लक्षणे वॉल्व्ह सीलकडे (वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी सीलकडे) बोट दाखवतात. उतारावर थ्रॉटल बंद असते व इंजिन मात्र चाकांमुळे फिरत राहते. त्या वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ इतकी वाढते की कडक झालेल्या सीलजवळून, वॉल्व्ह गाइडमधून (दांडी ज्यातून सरकते त्या नळीतून) ऑइल खाली खेचले जाते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच ते जळते.

तेव्हा प्रथम इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. आकडा किती येतो याइतकेच तिन्ही सिलिंडरांत फरक किती आहे हेही महत्त्वाचे असते. तो १४ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) आत असावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंग किंवा बोअर गेले आहेत, आणि जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग तपासावे. हे केल्याशिवाय इंजिन उतरवायला निघणाऱ्या गॅरेजवर माझा तरी विश्वास बसत नाही.

उभ्या गाडीला स्टार्टर जास्त लागण्याचे कारण वेगळे आहे. फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरच्या वाटीतले) पेट्रोल उडून जाते आणि यांत्रिक पंपाला ते पुन्हा टाकीतून ओढून आणावे लागते. पंपाचा डायफ्राम थकलेला असेल तर त्याला वेळ लागतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर डायफ्राम फाटला आहे असे समजावे आणि ऑइलही लगेच बदलावे.

पाचवागिअर:
मी येथे थोडी वेगळी बाजू मांडतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ भाग पुरते. कार्ब्युरेटरला हा फरक कळत नाही, त्यामुळे मिश्रण विरळ होते आणि पिकअप अडखळतो. एमपीएफआयमध्ये ऑक्सिजन सेन्सर ते बऱ्याच अंशी सांभाळून घेतो, शिवाय महामार्गावर पाचवा गिअर फार सुखाचा वाटतो. मात्र नुसते इंजिन आणून भागत नाही. टाकीतला विजेचा पंप, जास्त दाबाची पाइपलाइन, ईसीयू (इंजिनचा संगणक), पूर्ण वायरिंग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) हे सारे एकाच गाडीचे मिळाले तरच या वाटेला जावे.

पासिंगवाले:
वरील सल्ल्यात कागदपत्रांचा विचार राहून गेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. त्याच प्रकारचे इंजिन असेल तर ते आरटीओच्या परवानगीने बदलून आरसीवर नवा क्रमांक नोंदवता येतो. कार्ब्युरेटरच्या जागी दुसऱ्या मॉडेलचे एमपीएफआय इंजिन या परवानगीच्या चौकटीत आणणे अवघड आहे. आपली गाडी १९९७ ची असल्याने १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी होणारे पासिंग (आरटीओची तपासणी व नोंदणीचे नूतनीकरण) आता २०२७ मध्ये येईल, आणि तपासणीत इंजिन क्रमांक जुळला नाही तर गाडी तिथेच अडकेल. अपघात झाल्यास विमा कंपनीलाही दावा नाकारायला आयते निमित्त मिळेल.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. कॉम्प्रेशन मोजून घेतले. तिन्ही सिलिंडर १५८ ते १६४ पीएसआयच्या दरम्यान आहेत. ऑइलला पेट्रोलचा वास नाही. आता हेड उतरवावेच लागेल का?

लेथसमोर:
आकडे चांगले आहेत, त्यामुळे रिंग-पिस्टनला हात लावू नये. हेड न उतरवताही सील बदलता येतात. ज्या सिलिंडरचे काम करायचे त्याचा पिस्टन थोडा खाली ठेवावा, प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सरकवावी आणि तिचे टोक बाहेर ठेवून क्रँक हाताने वर फिरवावा; दोरीचा गोळा वॉल्व्हना खालून टेकू देतो आणि स्प्रिंग काढली तरी ते आत पडत नाहीत. टायमिंग बेल्टचे वय ठाऊक नसेल तर याच वेळी तोही बदलावा. सील काढल्यावर वॉल्व्हची दांडी बोटांनी आडवी हलवून पाहावी. स्पष्ट खेळ जाणवला तर गाइड झिजले आहे, आणि मग मात्र हेड लेथवर पाठवणेच शहाणपणाचे, कारण अशा गाइडवर नवे सीलही लवकर जाते.

यातून वाचलेल्या पैशांत पेट्रोलचे सर्व रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घालावेत आणि कार्ब्युरेटरचे किट बदलावे. मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक नंबर मोठा घालायचा की नाही, हे त्यानंतर गाडी चालवून आणि प्लगचा रंग पाहून ठरवावे. तो पांढुरका असेल तर मिश्रण विरळ आहे. या गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, तेव्हा कार्ब्युरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूची अंतिम सेटिंग तिथल्या यंत्रावर पाहूनच करून घ्यावी.

हेडलाइटसाठी १०० वॉटचे बल्ब मुळीच घालू नयेत. जुना स्विच आणि होल्डर दोन्ही वितळतात. मूळचेच ६०/५५ वॉटचे बल्ब ठेवून बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर आणि दोन रिले (जुन्या स्विचवर भार न येऊ देणारे विजेचे स्विच) घालावेत, आणि अर्थिंगचे बोल्ट घासून स्वच्छ करावेत. हे सामान पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळते, आणि वायरमनला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागू नये.